हेफाइस्तोसची घरगुती उपासना: वेदी, धार आणि हातचं काम

हेफाइस्तोस (इंग्रजी वळणाने हेफेस्टस) हा प्राचीन ग्रीकांचा लोहारकामाचा, विस्तवाचा आणि एकूणच कारागिरीचा देव. ऑलिंपस या देवांच्या पर्वतावरच्या मंडळात हाताला काजळी लागलेला हा एकटाच. त्याची उपासना आज पुन्हा होते. ग्रीसमध्ये 'वायएसईई' ही प्राचीन धर्म मानणाऱ्यांची संघटना 1997 पासून काम करते आणि 2017 मध्ये तिथल्या सरकारने या धर्माला 'ज्ञात धर्म' म्हणून मान्यता दिली. ग्रीसबाहेर, युरोप-अमेरिकेत, बहुतेक उपासना घरातच चालते. पुरोहित नसतो, शेजारी देऊळ नसतं, स्वतःच्या हातांनी सगळं करावं लागतं. या देवाच्या बाबतीत ते शोभतंही. ही उपासना घरी नीट कशी करायची, सामान किती लागतं आणि चुकतं कुठे, ते इथे सविस्तर दिलं आहे.

आधी देव ओळखा

ग्रीक कवी होमरच्या 'इलियड' या महाकाव्यातला अठरावा सर्ग या उपासनेचा पाया आहे. पायाने अधू म्हणून आई हेराने या मुलाला ऑलिंपसवरून खाली टाकलं. थेटिस आणि युरिनोमी या समुद्रदेवतांनी त्याला झेललं, आणि समुद्राजवळच्या गुहेत तो नऊ वर्षं लपून कपड्यांच्या पिना, वळ्यांची कडी आणि कंठे घडवत राहिला. पुढे हीच थेटिस आपल्या मुलासाठी, अकिलीससाठी, चिलखत मागायला त्याच्या भट्टीवर येते, तेव्हा तो वीस तिपाया बनवत असतो. आपोआप चालाव्यात म्हणून त्यांना सोन्याची चाकं लावलेली आहेत, फक्त कान बसवायचे राहिले आहेत. पाहुणी आल्याचं कळताच तो भाते आगीपासून बाजूला घेतो, हत्यारं चांदीच्या पेटीत ठेवतो, स्पंजने तोंड, हात, मान आणि छाती पुसतो, अंगरखा चढवतो आणि काठी घेऊन बाहेर येतो.

हा क्रम लक्षात ठेवा: विस्तव आवरणं, हत्यारं जागेवर ठेवणं, अंग स्वच्छ करणं, मग समोरच्याला भेटणं. पूजेची तयारी याहून वेगळी शोधायची गरज नाही.

त्याच महाकाव्याच्या पहिल्या सर्गात तो देवांच्या पंगतीत स्वतः अमृत वाढतो. म्हणून धार धरणं, म्हणजे पेय ओतून अर्पण करणं, या देवाला विशेष साजतं. होमरच्या नावावर असलेल्या विसाव्या स्तोत्रात जेमतेम आठ ओळी आहेत. पूर्वी माणसं जनावरांसारखी डोंगरातल्या गुहांत राहत होती, हेफाइस्तोस आणि अथीना (बुद्धीची आणि हस्तकलेची देवी) यांनी त्यांना कामं शिकवली आणि आता ती वर्षभर स्वतःच्या घरात सुखाने राहतात, एवढंच त्यात सांगितलं आहे. शेवटचं मागणं दोनच गोष्टींचं: गुणवत्ता आणि भरभराट. रोज म्हणायला हे पुरेसं आहे, पाठही चटकन होतं.

विश्वकर्मा आणि हेफाइस्तोस एकच, असं समजून दोघांना एका पाटावर बसवू नका. खंडेनवमीला हत्यारं पुजणाऱ्या घरातल्या माणसाला ही उपासना ओळखीची वाटेल, आणि ती ओळख खरी आहे. पण दोन्हींचे विधी वेगळे आहेत. एकात दुसरं मिसळलं की दोन्ही पातळ होतात.

वेदी

जागा कामाच्या टेबलाजवळ असावी, टेबलावर नव्हे. टेबलावर लाकडाचा भुसा, थिनर, तेलकट चिंध्या असतात आणि वेदीवर विस्तव असतो. मधे किमान एक मीटर अंतर ठेवा. वर पडदा किंवा फळी नको.

बैठक म्हणून 45 × 30 सेंटीमीटरची फळी घ्या आणि तिच्यावर फरशीचा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा ठेवा. धुपाटणं थेट लाकडावर ठेवलं तर तळ तापून लाकूड काळं पडतं. हे पहिल्या दिवशी दिसत नाही, पंधराव्या वेळी दिसतं. उंची तुमच्या शरीराला मानवेल ती ठेवा. ऑलिंपसच्या देवांची प्रार्थना उभं राहून, हात वर आणि तळवे आकाशाकडे करून करायची प्रथा आहे. मात्र उभं राहता येत नसेल तर खुर्चीवर बसून, वेदी कोपराच्या उंचीवर आणून करा. काठी घेऊन चालणाऱ्या देवासमोर यात कमीपणा नाही. अपंगत्व असलेले अनेक उपासक याच देवाकडे वळतात.

मूर्ती नसली तरी चालतं. हातोडी, सांडशी आणि ऐरणीचा किंवा रुळाचा छोटा तुकडा ही त्याची चिन्हं. मूर्ती करायचीच असेल तर मातीची करा, कारण चुलीशेजारी मातीचा हेफाइस्तोस विस्तवाचा राखणदार म्हणून ठेवत, असा उल्लेख जुन्या टीकाकारांत आहे. अथेन्सच्या त्याच्या देवळात अल्कामेनेस या शिल्पकाराने घडवलेली मूर्ती उभी होती आणि वस्त्राखाली पायाचा अधूपणा हलकेच जाणवत होता, तरी कुरूप दिसत नव्हता, असं रोमन लेखक सिसेरो लिहितो. मूर्ती करताना तेवढाच बेत ठेवा: पाय लपवू नका, भडकही करू नका.

बाकी सामान असं: एक दिवा, धुपाटणं, पाण्याचं वाडगं, जवाची (सातूची) वाटी, ओतायचं भांडं आणि ओतलेलं झेलायला खोलगट ताट. ओतायचं भांडं पितळेचं किंवा तांब्याचं असेल तर त्याला आतून कल्हई हवी. वाइन आंबट असते, बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं तशीच तीही कळकते आणि उरलेली पिण्याजोगी राहत नाही. काच, स्टील किंवा भाजलेली माती सगळ्यात सोपी.

धूप

ऑर्फिक स्तोत्रांत (गायक ऑर्फियसच्या नावावरच्या जुन्या ग्रीक स्तोत्रांत) हेफाइस्तोससाठी धूप नेमून दिला आहे, तो म्हणजे फ्रँकिन्सेन्स या सुगंधी डिंकाचा चुरा. इथे बाजारात घोळ होतो. दुकानात 'लोबान' म्हणून मिळतं ते बऱ्याचदा बेंझोइन असतं. ते वेगळ्याच झाडाचं आणि गोडसर वासाचं असतं. खरा माल हवा असेल तर 'कुंदुर' मागा. नाहीतर सालईचा डिंक घ्या. सालई आपल्या रानात होते आणि तिचं कुळ फ्रँकिन्सेन्सच्या झाडांचंच आहे. पर्याय म्हणून ती अगदी योग्य.

धुपाटण्यात तीन सेंटीमीटर कोरडी वाळू भरा. कोळशाची टिकडी चिमट्यात धरून पेटवा आणि वाळूवर ठेवा. तडतड थांबून कडेला राख येईपर्यंत तीन ते पाच मिनिटं थांबा. घाई केली तर टिकडीतल्या सोऱ्याचा वास धुपात मिसळतो. मग हरभऱ्याएवढे दोनच खडे ठेवा. जास्त टाकले तर डिंक वितळून कोळशाला झाकतो, धूर काळपट येतो आणि जळकट वास घरभर राहतो. खिडकी उघडी असायलाच हवी, कारण जळता कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि त्याला वास नसतो.

विधी

पहिलं काम टेबल आवरण्याचं. हत्यारं जागेवर ठेवा, प्लग काढा, हात-तोंड साबणाने धुवा. मळकट हाताने काम करणं वेगळं आणि मळकट हाताने वेदीसमोर येणं वेगळं.

मग शुद्धीचं पाणी तयार करा. ग्रीकमध्ये त्याला 'खेर्निप्स' म्हणतात. वाडग्यात पाव लिटर पाणी घ्या. वेदीच्या दिव्यावर लाकडाची बारीक काडी पेटवा आणि जळतं टोक पाण्यात बुडवून विझवा. चर्र आवाज आला की पाणी तयार. प्राचीन ग्रीक लेखक अथेनेउसने दिलेली कृती साधारण हीच आहे: वेदीवरचं जळतं लाकूड पाण्यात बुडवायचं. कित्येक जण चिमूटभर मीठही घालतात. तसं केलं तर हे पाणी नंतर कुंडीत ओतू नका, झाडाला मीठ बाधतं. या पाण्याने हात धुवा, थोडं वेदीवर आणि जमलेल्यांवर शिंपडा. लोखंडी हत्यारांवर मात्र शिंपडू नका. शिंपडलंच तर लगेच पुसा.

आता चिमूटभर जव वेदीवर टाका. नंतर पहिली धार हेस्तियाला द्या. ती चुलीची देवता आहे, आणि पहिली व शेवटची धार तिची असते, असं तिच्या स्तोत्रातच म्हटलं आहे. नवखी माणसं हीच पायरी विसरतात.

यानंतर धूप घालून हेफाइस्तोसला हाक मारा. ग्रीक प्रार्थनेला तीन भाग असतात: देवाची नावं, त्याने का ऐकावं याचं कारण आणि मागणं. नावं कामाशी जुळणारी निवडा. 'क्लितोतेखनेस' म्हणजे कारागिरीने नावाजलेला, 'पोलिमेतिस' म्हणजे अनेक युक्त्यांचा, 'खाल्केउस' म्हणजे धातूचा घडवय्या. कारण म्हणून आधी दिलेल्या अर्पणाची आठवण द्या. हा सौदा नाही. ग्रीक लोक याला 'खारिस' म्हणत, म्हणजे देण्या-घेण्यातून वाढत जाणारी आपुलकी. प्रार्थना मराठीत करायला काहीच हरकत नाही. नमुना असा:

"हेफाइस्तोस, हेराच्या पुत्रा, नावाजलेल्या कारागिरा, गुहेतल्या माणसाला घर देणाऱ्या! मागच्या खेपेला या वेदीवर मी धूप आणि जव वाहिले. आज माझ्या हातचं हे काम आणलं आहे. घे. माझा हात स्थिर राहू दे, चूक मला गिऱ्हाइकाच्या आधी दिसू दे, आणि विस्तव त्याच्या जागी राहू दे."

ऑर्फिक स्तोत्राच्या शेवटीही पिसाळलेली आग आवरावी, हेच मागणं आहे. तेवढी ओळ प्रार्थनेतून कधीच वगळू नका.

मग धार. वाइन ग्रीक लोक निर्भेळ पीत नसत. प्राचीन ग्रीक कवी हेसिओद तीन भाग पाणी आणि एक भाग वाइन सांगतो, म्हणजे 25 मिलिलिटर वाइनला 75 मिलिलिटर पाणी. घरात दारू चालत नसेल तर मधाचं पाणी किंवा दूध घ्या. वाइनशिवायच्या धारांना प्राचीन काळीही 'नेफालिया' असं नाव होतं. धार ताटात धरा, पेटलेल्या टिकडीवर नको. टिकडीवर ओतलं की राख आणि ठिणग्या उडतात, आणि मातीचं तापलेलं धुपाटणं असेल तर तडकतं. उरलेलं स्वतः प्या. खायला भाकरी, अंजीर, मध ठेवलं असेल तर देवाचा वाटा काढून बाकीचं वाटून खा. कॉफी, बिअर, व्हिस्की वाहणारे उपासक पुष्कळ आहेत. ती आजच्या माणसांची स्वतःची भर आहे. आवडत असेल तर करा, फक्त प्राचीन प्रथा म्हणून दुसऱ्याला शिकवू नका.

शेवटी आभार माना आणि हेस्तियाला अखेरची धार द्या. सगळं मिळून वीस मिनिटं पुरतात. रोज एवढं जमणार नाही. रोज काम सुरू करण्यापूर्वी हात धुऊन एक खडा धूप आणि स्तोत्राच्या दोन ओळी एवढंच ठेवा, पूर्ण विधी आठवड्याला एकदा करा.

अर्पण: तारेची पिन

विकत आणलेल्या वस्तूपेक्षा हातचं काम केव्हाही मोठं. भट्टी नसलेल्या माणसालाही जमेल अशी वस्तू म्हणजे कपड्याची पिन, ग्रीक घडणीची फिब्युला. गुहेतल्या नऊ वर्षांत देव हेच घडवत होता.

1.5 मिलिमीटर जाडीची पितळी तार 20 सेंटीमीटर कापून घ्या. चिंच-मिठाने घासा, धुवा, पुसा. वाकवताना तार फार अडत असेल तर ती कडक आहे. अंधाऱ्या जागी गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवा, लाली गेली की पाण्यात बुडवा. उजेडात तापवलं तर लाली दिसत नाही आणि तार वितळून तुटते. तापवायचं ते वळवण्याआधीच. नंतर तापवलं तर पिनेतला ताण निघून जातो.

एका टोकापासून 5.5 सेंटीमीटरवर खूण करा. ही बाजू सुईची. खुणेपाशी 5 मिलिमीटर जाडीच्या खिळ्याभोवती तारेला दीड वेढा घट्ट द्या. पूर्ण दोन वेढे दिले तर दोन्ही हात विरुद्ध दिशांना जातात आणि पिन बनतच नाही. दीड वेढ्यानंतर ते एकाच बाजूला येतात. आता सुईचा भाग ऐरणीवर ठेवून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने फिरवत फिरवत पंधरा-वीस हलके ठोके द्या. ठोक्यांनी पितळ कडक होतं. ही पायरी गाळली तर सुई कापडात शिरताना वाकते, आणि पिना बिघडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असतं. त्यानंतर कानसेने टोक काढा, 400 आणि मग 800 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. लोकरीच्या कापडात धागा न ओढता शिरली म्हणजे टोक जमलं.

दुसऱ्या हाताला साडेआठ सेंटीमीटरपर्यंत कमानीचा बाक द्या. राहिलेलं अडीच सेंटीमीटर टोक ठोकून चपटं करा, कडा कानसेने मोडा आणि नोज प्लायरने वळवून खोबण करा. चपटं करताना कडेला चिरा दिसल्या तर थांबा. ठोके जास्त झाले आहेत. चीर कानसून काढा. सुई मोकळी असताना खोबणीच्या सुमारे एक सेंटीमीटर बाहेर राहायला हवी, म्हणजे दाबून अडकवल्यावर ती ताणाने धरून राहते.

पिन प्रत्यक्ष कपडा धरते का, ते तपासल्यावरच वेदीवर ठेवा. न धरणारी पिन देवाला देऊ नका, दुसरी करा.

तेल, चिंध्या आणि जस्त

हत्यारांची निगा हाही याच उपासनेचा भाग आहे. गंजलेलं हत्यार व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, तारेच्या ब्रशने घासा, सोड्याच्या पाण्यातून काढून पूर्ण कोरडं करा आणि तेलाचा पातळ हात द्या. लाकडी दांड्याला जवसाचं तेल चांगलं. पण त्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती काडी न लावताही पेट घेते. जवसाचं तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतं आणि घडीत अडकलेली उष्णता वाढत जाते. अशी चिंधी बाहेर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

जस्ताचा मुलामा दिलेले खिळे, पत्रे, तारा विस्तवात कधीही घालू नका. त्यातून निघणाऱ्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. 'लोखंड देवाच्या अग्नीत टाकलं' या भावनेपायी ही चूक होते.

वर्षाचा सण: खाल्केइया

अथेन्सच्या महिन्यात काही तिथ्या देवांच्या नेमलेल्या होत्या, जशी सातवी अपोलोची. हेफाइस्तोसची अशी मासिक तिथी नाही. त्याचे सण वार्षिक. हेफाइस्तेइयाला मशालींची शर्यत असे. घरी साजरा करण्याजोगा सण खाल्केइया, म्हणजे 'ब्राँझकाम्यांचा सण'. तो हेफाइस्तोस आणि अथीना एर्गानी, म्हणजे कामाची अथीना, या दोघांचा. याच दिवशी अथीनाच्या महावस्त्रासाठी माग मांडत.

तिथी प्यानेप्सिओन महिन्याची शेवटची. उन्हाळी अयनदिनानंतरच्या पहिल्या चंद्रकोरीला अथेन्सचं वर्ष सुरू होतं आणि प्यानेप्सिओन हा चौथा महिना. हिशेब केला तर ही तिथी आपल्या आश्विन अमावस्येपाशी, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या एखाद-दुसरा दिवस आगेमागे येते. आपलं पंचांग हाताशी असलेल्या माणसाला सण काढणं त्यामुळे फार सोपं. महिन्याच्या शेवटच्या रात्री हेकाटीचं, म्हणजे रात्रीच्या आणि तिठ्यांच्या देवीचं, जेवण ठेवण्याचीही रीत आहे, म्हणून खाल्केइया दिवसा उरका.

ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या एका त्रोटक तुकड्यात हाताने काम करणारे लोक धान्याच्या टोपल्या घेऊन एर्गानीसाठी रस्त्यावर येतात. ती टोपली 'लिक्नॉन', पाखडायची, आपल्या सुपाच्या जातीची. तेव्हा सुपात जव-गहू घ्या, त्यावर वर्षभर वापरलेली हत्यारं स्वच्छ करून ठेवा आणि वर दिलेला विधी दोन्ही देवांच्या नावे करा. घरात विणणारं, शिवणारं कुणी असेल तर नव्या कामाचे पहिले टाके त्याच दिवशी घाला.

शब्द पाळणं

तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'लॉज' ('कायदे') या ग्रंथात कारागीर वर्गच हेफाइस्तोस आणि अथीना यांचा मानला आहे. ठरलेल्या वेळेत काम न देणारा कारागीर आधी देवाचा अपराधी ठरतो, कारण 'आपला देव आहे, चालवून घेईल' असं तो गृहीत धरतो. मग कायदा त्याला ते काम फुकट, नव्याने, नेमल्या वेळेत करून द्यायला लावतो. कामाची खोटी किंमत सांगण्यालाही तिथे मनाई आहे. आजच्या उपासकाने यातून एक नेम घ्यावा: वेदीसमोर घेतलेल्या कामाची तारीख मोठ्याने सांगायची आणि ती पाळायची. पाळता आली नाही तर आधी गिऱ्हाइकाला कळवायचं, भरपाई करायची, मग वेदीकडे यायचं. उलट क्रम चालत नाही.

वाहिलेल्या वस्तूंचं पुढे काय

खाणं त्याच दिवशी संपवा. ताटातली धार झाडाच्या बुंध्याशी ओता. टिकडी बाहेरून गार दिसली तरी आत तासभर धग असते. राख रात्रभर वाळूतच राहू द्या, सकाळी टाका.

पिना, खिळे, हत्यारं यांचं तसं नाही. पांक्रातेस या ग्रीक कवीच्या एका जुन्या कवितेत पोलिक्रातेस नावाचा लोहार हातोडी आणि सांडशी हेफाइस्तोसला वाहतो. ऐरणीवरच्या ठोक्यांनीच त्याने मुलाबाळांची गरिबी हटवलेली असते. एकदा वाहिलेलं परत वापरायचं किंवा विकायचं नाही. ग्रीक देवळांत जागा भरली की जुनी अर्पणं देवळाच्या आवारातच खड्ड्यात पुरत. घरी झाकणाचा लाकडी डबा ठेवा. तो भरला की स्वतःच्या जमिनीत, हातभर खोल, भाजीच्या वाफ्यापासून लांब पुरा, कारण तांब्याचा अंश मातीत उतरतो. जमीन नसेल तर डबा वेदीखाली ठेवून दुसरा सुरू करा.